गच्चीचं ग्रिल, चुंबक आणि एकच घट्ट खांब

फ्लॅटला लागून मोकळी गच्ची असली आणि घरात लहान पोरं असली, की कठड्याकडे बघून जीव खालीवर होतो. म्हणून आम्ही कठड्यावर खांब उभे करून त्यांत स्टीलच्या तारा ओढणारं ‘इन्व्हिजिबल ग्रिल’ बसवून घेतलं. ज्याला काम दिलं त्याने सरळ फसवलं. पैसे गेले ते गेलेच. पण इतकं तकलादू काम करून वर ‘आता पोरांना बिनधास्त सोडा’ म्हणाला, त्याचा संताप अजून जात नाही.

बोलणी करायला आला तेव्हा त्याने खिशातून चुंबक काढलं आणि नमुन्याच्या तारेला लावलं. चिकटलं नाही. ‘बघा, ३१६ ग्रेड, गंजणारच नाही.’ ऐकणाऱ्याला पटतं. पण स्टेनलेस स्टीलच्या ३०४ ग्रेडला किंवा स्वस्तातल्या २०२ लाही चुंबक सहसा चिकटत नाही. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम हा धातू असतो, त्यामुळे ते खाऱ्या हवेत जास्त टिकतं, आणि मॉलिब्डेनम काही चुंबकाने कळत नाही. खरा पुरावा म्हणजे कारखान्याचं टेस्ट सर्टिफिकेट. त्यावर हीट नंबर, म्हणजे स्टील ज्या खेपेत वितळवलं तिचा क्रमांक असतो, तो तारेच्या रिळाच्या लेबलशी जुळवायचा. आम्हाला सर्टिफिकेटची झेरॉक्स मिळाली. रीळ आलं ते लेबल फाडलेलं. ‘वाहतुकीत निघालं, आणून देतो’ म्हणाला. ते आलंच नाही.

तारेवर नायलॉनचं आवरण असतं, म्हणून आतला माल दिसत नाही. टोकाला, तार लॉकमध्ये दाबतात तिथे, आवरण सोललेलं असतं. पावसाळा लागताच तिथूनच तपकिरी ओघळ उतरले.

खरा घात मात्र खांबांच्या पायथ्याशी होता. वॉटरप्रूफिंग बघायला आलेल्या गवंड्याने सहज एक खांब धरून हलवला, तर तो चक्क डुलला. खालची चकचकीत टोपी सरकवून त्याने स्क्रूला पाना लावला. स्क्रू प्लास्टिकच्या प्लगसकट बाहेर आला, मागोमाग वाळूचा भुगा. बोटाच्या दोन पेरांएवढा स्क्रू! कोटेशनमध्ये ‘काँक्रीटमध्ये अँकर बोल्ट’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं; हे स्क्रू प्लास्टरमध्येच थांबले होते. ताणलेल्या तारा टोकाच्या खांबांना सतत ओढत असतात, त्यामुळे कुणी धक्का दिला नाही तरी अशी पकड सैल होत जाते.

काम झाल्यावर त्याने कोपऱ्यातल्या खांबाला अंगाचा सगळा भार देऊन दाखवला होता. आता सगळ्या टोप्या उघडल्या, तर खरे बोल्ट तेवढ्या एका खांबालाच निघाले. याला चूक म्हणत नाहीत, हा ठरवून केलेला डाव आहे.

वॉरंटी कार्डाच्या मागे बारीक अक्षरांत ‘गंज व फिटिंग वगळून’. फोनवर आधी ‘माणूस पाठवतो’, मग फोन उचलणंच बंद.

असं काम देणार असाल तर भोकं समोर पाडून घ्या. प्लास्टर संपून पुढे काँक्रीट लागलं की ड्रिलचा आवाज आणि भोकातून पडणाऱ्या भुकटीचा रंग दोन्ही बदलतात. कठडा विटांचा असेल तर भोकात फुगून पकड घेणारे साधे बोल्ट भरवशाचे नसतात. स्लॅबच्या किंवा बीमच्या काँक्रीटमध्ये पकड मागा, आणि भोकांभोवतीचं वॉटरप्रूफिंग कोण करणार तेही लिहून घ्या. टोप्या बसण्याआधी बोल्टचे फोटो काढा. भार तुम्ही निवडलेल्या खांबावर द्यायला लावा. दोन तारा हातांनी फाकवून बघा. जोर लावल्यावरही फट १०० मिलिमीटरच्या आत राहिली पाहिजे. तारा आडव्या लावू देऊ नका, पोरं त्यांची शिडी करतात. आणि शेवटचा हप्ता हे सगळं झाल्यावरच.

आम्ही कोटेशन, पावत्या आणि फोटो जोडून लेखी तक्रार केली आहे. नवं काम होईपर्यंत गच्चीच्या दाराला वर, मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर कडी लावली आहे. कठड्याजवळच्या कुंड्या आणि खुर्च्याही काढल्या आहेत. ज्यांच्याकडे असं ग्रिल आधीच बसलेलं आहे, त्यांनी कृपया आजच खांबांच्या टोप्या सरकवून बघा. खाली प्लास्टिकचा प्लग दिसला तर मुलांना तिकडे फिरकू देऊ नका.