‘मी बार्शीचा की’ म्हणणाऱ्याच्या गाडीत बसू नका

सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून मुंबईचं विमान ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झालं आणि परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलला जाणाऱ्या आपल्याकडच्या पेशंटची मोठी सोय झाली. रात्रभराची रेल्वे ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी तर फारच. पण सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं गेलं की दादरला उतरायचं, तिथून परळ जवळच. विमानतळ मात्र अंधेरी-विलेपार्ल्याकडे. तिथून परळ साधारण १५ किलोमीटर, आणि हा रस्ता आपल्यापैकी बहुतेकांच्या ओळखीचा नाही. फसवणूक नेमकी इथेच होते.

काका, काकू आणि मी उतरून बाहेर आलो. काकू घरी फोनवर सांगत होत्या, ‘पोचलो, आता टाटाला निघतोय.’ ते ऐकूनच तो माणूस जवळ आला असणार. ‘मावशी, सोलापूरचं काय? मी बार्शीचा की. पेशंट हाय सोबत? द्या ती पिशवी हिकडं.’ पिशवीत काकांची फाईल, सगळे रिपोर्ट, स्कॅनच्या सीडी. ती पिशवी घेऊन तो चालायलाच लागला. रिपोर्ट ज्याच्या हातात, त्याच्यामागे घरचे जाणारच, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. भाडं विचारलं तर म्हणाला, ‘परळ साडेसहाशे, गाववाल्याकडनं जास्त कशाला घेऊ?’

गाडीपाशी दुसराच ड्रायव्हर होता. पिशवी डिकीत गेली, बार्शीचा म्हणवणारा तिथूनच परत फिरला. दादर मागे पडल्यावर ड्रायव्हरनं हिशेब सांगितला : साडेसहाशे माणशी, म्हणजे तिघांचे १९५०, टोलचे २००, पार्किंगचे २५०. एकूण २४००. मी हरकत घेतली तर म्हणाला, ‘तुमच्याकडे रिक्षात सीटवरच पैसे घेतात ना?’ आपल्याकडच्या शेअर रिक्षाची सवय त्यांना माहीत आहे, म्हणूनच ‘माणशी’ हा शब्द ते गाडी निम्म्याहून पुढे गेल्यावर काढतात. काकांना बसवत नव्हतं, फाईल डिकीत होती. पैसे दिल्याशिवाय डिकी उघडली नाही.

आजारी माणसाला घेऊन आलेल्यांना हेरून लुटणं याला माझ्याकडे सौम्य शब्द नाही.

आता त्या हिशेबातलं खरं-खोटं. मुंबईत टॅक्सीचं भाडं गाडीचं असतं, माणसांचं नाही. काळी-पिवळीचं मीटर फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये आहे, पुढे किलोमीटरला २०.६६. म्हणजे १५ किलोमीटरचे ३१० च्या आसपास. गाडी रस्त्यात खोळंबली किंवा सामान असलं तर थोडे वाढतात, मध्यरात्री १२ ते पहाटे ५ पाव पट जास्त. टोल तर निव्वळ थाप होती. १४ ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर लहान गाड्यांना टोल माफ आहे, आणि विमानतळ ते परळ या वाटेवर त्यातला एकही नाका येत नाही. वांद्रे-वरळी सागरी सेतूला टोल आहे, पण आमची गाडी तिकडून गेलीच नव्हती.

त्या गाडीची नंबरप्लेट पांढरी होती. भाड्याच्या टॅक्सीची प्लेट पिवळी आणि अक्षरं काळी असतात, इलेक्ट्रिक टॅक्सीची प्लेट हिरवी आणि अक्षरं पिवळी. पांढऱ्या प्लेटच्या गाडीला भाडं घेण्याचा परवाना नसतो, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. पेशंट सोबत असताना ही गोष्ट पैशांपेक्षा मोठी आहे.

प्रीपेड टॅक्सीचा काउंटर शोधा. पावतीवर ठिकाण आणि रक्कम लिहिलेली असते; ड्रायव्हरची प्रत परळला उतरल्यावरच त्याच्या हाती द्या. रिक्षा स्वस्त म्हणून धरू नका, ती माहीम-शीवच्या पुढे शहरात जात नाही. पेशंट चालण्याइतका बरा असेल तर मेट्रो ३ आहे. दोन्ही टर्मिनलना तिचं स्टेशन आहे, दादरला उतरून पुढे टॅक्सी करता येते, आणि अख्ख्या मार्गाचं तिकीटही ७० रुपयांच्या वर जात नाही.

आमचा ड्रायव्हर ‘टाटाजवळ स्वस्तात खोली देतो’ असंही मागे लागला होता. तिथे जाऊ नका. राहण्याची चौकशी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात करा, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेतही विचारा.

आणि रिपोर्टची पिशवी कायम आपल्या मांडीवर, डिकीत नाही. कुणी गाडीत बसवून जास्त पैसे मागायला लागला तर गाडीतूनच ११२ लावा. गाडीचा नंबर बसण्याआधीच फोटो काढून घरी पाठवलेला असला, की पोलिसांना तो लगेच सांगता येतो.