पॉइंट टू-टू घ्यायचीय : नवी देशी की जुनी ब्रनो?

बंदुकीच्या परवान्याचं काम मार्गी लागलं की माणूस रात्री मोबाईल घेऊन बसतो आणि ‘स्वस्त आणि मस्त पॉइंट टू-टू’, म्हणजे .२२ इंची छोट्या काडतुसाची रायफल, शोधू लागतो. समोर येतात रुगर टेन-ट्वेंटीटू, सॅव्हेज मार्क टू, सीझेड ४५७. सगळी परीक्षणं अमेरिकेतली, किमती डॉलरमध्ये. वाचायला मजा येते, पण सोलापूरच्या माणसाला त्यांचा उपयोग जवळपास शून्य. साध्या परवानाधारकासाठी परदेशी बंदुकांची आयात १९८०च्या दशकातच बंद झाली. सवलत उरली ती नामांकित नेमबाजांपुरती. त्यामुळे आपल्यापुढे खऱ्या अर्थाने दोनच वाटा राहतात. एक म्हणजे सरकारी कारखान्याची, इशापूरची नवी पॉइंट टू-टू. दुसरी म्हणजे कुणाच्या तरी वडिलांच्या किंवा आजोबांच्या परवान्यावरून आलेली, चेकोस्लोव्हाकियात बनलेली ब्रनो मॉडेल टू. आयात बंद असल्यामुळे ही जुनी ब्रनो नव्या देशीपेक्षा महाग पडते. वरचे पैसे वसूल होतात का, एवढंच ठरवायचं आहे.

रानडुकरांसाठी पॉइंट टू-टू घेणार असाल, तर इथेच थांबा. ४० ग्रेनची, म्हणजे अडीच ग्रॅमच्या आसपासची शिशाची गोळी डुकराला मारत नाही, जखमी करून उसात पाठवते. परवानगीची भानगड वेगळीच. १९७२चा वन्यजीव कायदा आहे आणि नान्नजचं माळढोक अभयारण्य आपल्या उशाशी आहे. शिवाय ही ‘छोटी’ गोळी वर रोखून सुटली तर दीड किलोमीटरपर्यंत जाते. बांधावर डबे मांडून नेम धरणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. पॉइंट टू-टू रेंजवरच चालवायची असते.

भरवशाचं काय?

या काडतुसाची तऱ्हा आधी समजून घ्यायला हवी. मोठ्या काडतुसात पेटवणाऱ्या मसाल्याची टोपी बुडाच्या मधोमध असते. पॉइंट टू-टूत पेटणारा मसाला बुडाच्या कडेत, आतल्या बाजूने पसरलेला असतो. फायरिंग पिन कडेवर आपटते आणि तिथलं पितळ चेपून मसाला पेटतो. एखाद्या ठिकाणी मसाला कमी पसरला असेल आणि पिन नेमकी तिथे पडली, तर नुसतं ‘टक्’ होतं. अशा वेळी नळी टार्गेटकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबायचं, मग बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा, उघडायचा. तेच काडतूस जरा फिरवून पुन्हा लावलं तर बहुतेकदा उडतं. म्हणून दहा-वीस गोळ्यांत एखादी ‘टक्’ झाली की लगेच रायफलीला दोष देऊ नका. फिरवूनही उडत नसेल आणि बुडावर पिनचा ठसा उथळ दिसत असेल, तर मात्र स्प्रिंग थकलेली आहे किंवा बोल्ट आणि चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची, काडतूस बसण्याची जागा) यांच्यामधली फट वाढली आहे. असा ठसा सगळं सांगून जातो, उडालेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी फेकू नका.

जुन्या ब्रनोचा खरा रोग वेगळाच असतो. घरात पाहुणे आले की कपाटातून रायफल काढायची आणि रिकामीच ‘खट् खट्’ वाजवून दाखवायची, हा आपल्याकडचा जुना कार्यक्रम. आत काडतूस नसलं की पिन चेंबरच्या कडेवर आपटू शकते, आणि वर्षानुवर्षं असं झालं की तिथे नखाला लागेल अशी खळगी पडते. खळगीचं उचललेलं पोलाद चेंबरच्या आत सरकतं. मग काडतूस घट्ट बसतं, पुंगळी बाहेर यायला कुरकुरते आणि मालक ‘एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारा आकडा) बदलायला झालाय’ म्हणून सांगतो. सोलापुरी चादर घेताना आपण ती उलटी करून विणकाम बघतो, तसंच इथे बाहेरच्या अक्रोडी दस्त्याला भुलायचं नाही. बोल्ट काढा, टॉर्च लावा, चेंबरची कड बघा. खळगी बारीक असेल तर परवानाधारक कारागीर ती दाबून सरळ करू शकतो. भाव पाडायला मात्र हे उत्तम कारण आहे.

मॅगझिनचंही तसंच. ब्रनोचं पोलादी मॅगझिन टिकाऊ असतं, पण तोंडाकडचे ओठ वाकले की काडतूस तिरकं वर येतं आणि शिशाचं टोक खरवडलं जातं. जास्तीचं मॅगझिन सोबत मिळत असेल तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. मागाहून शोधत बसलात तर पुण्या-मुंबईच्या चार दुकानदारांना फोन करावे लागतील.

नव्या देशी रायफलीला हे आजार नसतात. चेंबर कोरं, स्प्रिंग ताजी, बिल हातात. नेमबाजांची तिच्याबद्दलची जुनी तक्रार दुसरीच आहे : चाप जड, काम खडबडीत आणि दोन रायफली शेजारी ठेवल्या तर सारख्या निघतील याची खात्री नाही. म्हणून दुकानात पेटीतली पहिली रायफल उचलू नका. दोन-तीन काढायला सांगा. बोल्ट मागे-पुढे करून बघा, कुठे अडतो का. माशी, म्हणजे नेम धरायचा पुढचा खुंटा, नळीवर सरळ उभी आहे का, मागून डोळा लावून बघा. दुकानदार वैतागला तर वैतागू दे.

एनसीसीत ज्यांनी पॉइंट टू-टू डिलक्स चालवली आहे, त्यांना देशी रायफलीचा जडपणा खुपणार नाही. पण तिथे पंचवीस यार्डावर झोपून पाच गोळ्या टाकल्या होत्या आणि पाचही टार्गेटवर लागल्या होत्या, या आठवणीवर पन्नास मीटरचा निर्णय घेऊ नये.

नेमाचं गणित

पन्नास मीटरच्या स्पर्धेत दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. स्वस्त रायफलीकडून ती अपेक्षा ठेवायची नाही. साध्या स्पोर्टिंग रायफलीने, टेकूवर ठेवून, पन्नास मीटरवर दहा रुपयांच्या नाण्याखाली (२७ मिलिमीटर) पाच गोळ्या झाकल्या तर मी तिला चांगली म्हणेन. नळी धड असलेली ब्रनो हे करून दाखवते. देशीत असा नग निघाला तर नशीब समजा. नाण्याच्या दुप्पट जागेत गोळ्या पडल्या तरी सरावाला ती चालेल.

तरीही नेमात रायफलीपेक्षा काडतुसाचा वाटा मोठा असतो, आणि पैसे मोजताना लोक नेमकं हेच विसरतात. एकच रायफल एका ब्रँडवर नाणं झाकते आणि दुसऱ्यावर बशीभर पसरते. कधी एकाच ब्रँडच्या दोन लॉटमध्येही एवढा फरक पडतो. परवान्यावर वर्षाच्या काडतुसांची मर्यादा लिहिलेली असते, त्यामुळे आपल्याला परदेशातल्यासारखे पेटारे उघडून प्रयोग करता येत नाहीत. तीन प्रकारची थोडी थोडी काडतुसं घ्या, प्रत्येकाचे दहा-दहा गोळ्यांचे ग्रुप (एकाच नेमावर टाकलेल्या गोळ्यांचे पुंजके) टाका. तीन गोळ्यांचा ग्रुप दाखवून कुणी ‘बघा कशी मारते’ म्हणाला तर हसून सोडून द्या, तीन गोळ्या कुणाच्याही जवळ जवळ पडतात.

‘हाय व्हेलॉसिटी’ लिहिलेला डबा बघून हुरळून जाऊ नका. ती गोळी सेकंदाला ३८० मीटरच्या आसपास सुटते आणि वाटेत वेग उतरताना आवाजाच्या वेगाची सीमा ओलांडते. तिथे ती हलते, ग्रुप पसरतो. स्टँडर्ड व्हेलॉसिटीची गोळी ३२०-३३०ने निघते, सीमेच्या खालीच राहते. इथे सोलापूरच्या उन्हाचा उलटा फायदा आहे. बेचाळीस अंशात आवाजाचा वेग ३५५ मीटरच्या पुढे जातो, त्यामुळे साध्या गोळीला आणखी मोकळी जागा मिळते. तोटे मात्र जास्त. मे महिन्यात अकरानंतर जमिनीवरून वाफा उठतात आणि टार्गेट पाण्यात ठेवल्यासारखं नाचतं. शिशावरचं मेण मऊ होऊन काळ्या मातीची धूळ पकडतं. डबा गाडीच्या डिकीत तापवू नका, आणि बोल्टला तेल चोपडण्याऐवजी पुसून कोरडाच ठेवा.

ब्रनो बघायला गेलात तर नळीचं तोंड जरूर तपासा. कानात घालायची कापसाची काडी तोंडाच्या आतल्या कडेवरून हळूच फिरवा, कुठे धागा अडकला तर तिथे इजा आहे. लोखंडी सळईने पुढून नळी साफ करणाऱ्या उत्साही मालकांनी अनेक चांगल्या ब्रनोंचा नेम असाच घालवला आहे.

माझा कौल विचाराल तर : चेंबर आणि नळीचं तोंड स्वच्छ असेल तर ब्रनो, आणि वरचे पैसे गेले याचं दुःख करू नका. दोन्हीपैकी एकातही शंका असेल तर नवी देशी घ्या आणि उरलेल्या पैशातून चापाचं काम परवानाधारक कारागिराकडून करून घ्या.

मुलासाठी किंवा मुलीसाठी विचारत असाल तर दोन्ही नको. २०२४ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) कांस्य जिंकल्यापासून घरोघरी हा प्रश्न येतो. एकवीस वर्षांखाली स्वतःच्या नावावर परवाना मिळत नाही. पॉइंट वन-सेव्हन-सेव्हनची (.१७७ इंची), वीस ज्यूलच्या आतल्या ताकदीची एअर रायफल मात्र परवान्याविना घेता येते, छऱ्यांना मर्यादा नाही आणि दहा मीटरची जागा गच्चीवरही होते. तिथे दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तो जमला की पुढे बघू.

शेवटचं कागदपत्रांचं. शहरातल्यांनी पोलीस आयुक्तालयात जायचं, बार्शी-अक्कलकोट-मंगळवेढ्याकडच्यांनी जिल्हाधिकारी कार्यालयात. नवी रायफल दुकानातून थेट परवान्यावर चढते. जुनी घेताना विकणाऱ्याने आधी लेखी कळवायचं असतं आणि त्यानंतर पंचेचाळीस दिवस जाऊ द्यावे लागतात. तोवर विसार द्या, पूर्ण रक्कम नको, आणि ‘घेऊन जा हो, कागद होत राहतील’ असं मालक कितीही प्रेमाने म्हणाला तरी रायफल त्याच्याच घरी राहू द्या.