ए ग्रेड की बी ग्रेड: रिफर्बिश्ड लॅपटॉप घेताना माझा कल कुठे

रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण साफसूफ करून परत विकायला काढलेला लॅपटॉप घ्यायचं एकदा पक्कं झालं, मॉडेलही ठरलं, की दुकानात शेवटी एकच घोळ उरतो. तोच लॅपटॉप ए ग्रेडचा, म्हणजे दिसायला नव्यासारखा घ्यायचा, की तीन-साडेतीन हजार वाचवून ओरखड्यांचा बी ग्रेडचा? रॅम किती हवी, एसएसडी केवढी हवी, हे तुम्ही आधीच बघितलेलं असणार, म्हणून त्यात शिरत नाही.

आमच्या घरात सध्या दोन्ही ग्रेड नांदतायत. दोन्ही लेनोव्होचे थिंकपॅड टी480, दोन्ही नाशिकमध्येच पण वेगवेगळ्या दुकानांतून घेतलेले. बायकोचा ए, माझा बी. त्यामुळे खाली जे लिहितोय ते दोन लॅपटॉपच्या अनुभवावरून. तुमच्या वाट्याला वेगळा पीस येऊ शकतो.

आधी ग्रेडबद्दल. ए, बी, सी हा काही सरकारी शिक्का नाही. प्रत्येक विक्रेता आपापली व्याख्या करतो, त्यामुळे एका दुकानातला बी शेजारच्या दुकानात ए म्हणून बसलेला दिसतो. ‘ए प्लस’ आणि ‘ए डबल प्लस’ तर निव्वळ काउंटरवरचा उत्साह. आर2 नावाचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात वस्तू दिसते कशी आणि चालते कशी याची वेगवेगळी वर्गवारी केलेली असते. आपल्याकडे दुकानात एकच अक्षर मिळतं आणि ते बहुतेक वेळा दिसण्याबद्दलच असतं. लासलगावला व्यापारी कांद्याची पत्ती, म्हणजे वरची साल बघतो, कारण पत्ती चांगली असेल तर कांदा टिकतो. लॅपटॉपच्या पत्तीचा टिकण्याशी तसा काही संबंध नाही.

हे लॅपटॉप बरेचसे कंपन्यांकडून येतात. तीन-चार वर्षं वापरायचे, मग लॉटच्या लॉट काढून टाकायचे. एकाच लॉटमधला एक लॅपटॉप कोणीतरी स्लीव्हमध्ये जपून नेला, दुसरा बॅगेत किल्ल्यांबरोबर कोंबला. पहिला ए झाला, दुसरा बी. आतला मदरबोर्ड दोघांचा सारखाच दमलेला किंवा सारखाच ताजा.

आता बायकोच्या ए ग्रेडकडे येतो. दुकानात तो खरोखर देखणा होता. ‘साहेब, हात फिरवून बघा, एक स्क्रॅच सापडणार नाही.’ हात फिरवला, सापडला नाही. सापडणार कसा? झाकणावर आणि पामरेस्टवर, म्हणजे मनगटं टेकतात त्या भागावर, मॅट काळी स्किन (चिकटवायची पातळ फिल्म) चढवलेली होती, इतकी सफाईने की ओरिजिनल फिनिशच वाटावं. हिवाळाभर काही त्रास नव्हता. एप्रिल आला आणि डाव्या मनगटाखालची कड सुटायला लागली. आधी नखाएवढी, मग बोटभर. सुटलेल्या कडेखालचा गोंद उन्हाळ्यात पातळ होऊन बाहेर आला, त्यावर धूळ बसली, आणि टच पॅडच्या बाजूने एक काळी चिकट रेघ तयार झाली. टाइप करताना बायकोची बांगडी त्या कडेत अडकायची. पुसून रेघ जात नव्हती. दाबून बसवलेली कड दुपारपर्यंत परत उभी राहायची.

शेवटी वैतागून तिने पामरेस्टची पूर्ण स्किन ओढून काढली. खाली दोन लांब चरे, कोपऱ्यात प्लॅस्टिकचा उडालेला टवका आणि जुन्या कंपनीचं मालमत्तेचं स्टिकर काढल्याची चौकोनी खूण. म्हणजे माझ्या बी ग्रेडवर जे आहे, साधारण तेच. दुकानदाराला विचारलं तर तो शांतपणे म्हणाला, ‘स्किन तर सगळेच लावतात.’ त्याचं अगदीच चूक नाही, हा प्रकार बाजारात सर्रास चालतो. पण मग जास्तीचे पैसे नेमके कशाचे घेतले, हे मला अजून नीट कळलेलं नाही.

चऱ्यांचं मला फार वाटत नाही. काळजी आहे ती बिजागरीची. झाकणाला बिजागरीपाशी तडा असेल तर तो वाढत जातो आणि एक दिवस स्क्रीन हातात येते. स्किनखाली असा तडा दिसत नाही. बायकोच्या झाकणावरची स्किन अजून तशीच आहे, आणि ती काढून बघायचं धाडस आम्हा दोघांनाही होत नाही.

माझ्या बी ग्रेडला पहिल्या दिवशी जे दिसलं तेच आजही आहे. झाकणावर एक तिरका ओरखडा, एक कोपरा घासलेला, आणि ए, एस, ई या कळा तेलकट चमकणाऱ्या. झाकणावरचा ओरखडा मला दिसतही नाही, कारण काम करताना झाकणाची पाठ माझ्याकडे नसते. समोरच्याला दिसत असेल, तर त्याने बघावा.

तरी बी ग्रेड म्हणजे डोळे मिटून घ्या, असं नाही. काही दुकानांत पडद्यावरचे पांढरे डागही ‘मायनर’ म्हणून बीमध्ये घालतात. दुकानात लॅपटॉपवर डोंगर-सूर्यास्ताचा वॉलपेपर असतो, त्यात हे डाग लपून जातात. कोरी पांढरी फाइल उघडून पूर्ण स्क्रीनभर करा आणि ब्राइटनेस वाढवा, मग दिसतील. दिवसभर एक्सेलसमोर बसणाऱ्याला तो डाग छळतो. डाग असलेला पीस माझ्या लेखी सी ग्रेडच.

बॅटरीचं तर कोणत्याच ग्रेडमध्ये सांगता येत नाही. कमांड प्रॉम्प्टमध्ये powercfg /batteryreport टाइप केलं की विंडोज एक फाइल बनवून देतं. त्यात डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आता भरते ती) शेजारी-शेजारी ताडून बघा. टी480 ला दोन बॅटऱ्या असतात, एक आत आणि एक मागे निघणारी, तेव्हा दोन्हींचे आकडे बघायचे. पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाताना नाशिकरोडला उघडलेला माझा लॅपटॉप दादरपर्यंत येतो, बायकोचा ए ग्रेड कल्याणच्या आसपास मान टाकतो. याला मोजमाप म्हणू नका. तिचं काम व्हिडिओ कॉलचं असतं, माझं आकडेमोडीचं.

ग्रेडच्या नादात एक गोष्ट निसटते. टी480 बहुतेक आठव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरसह आला, पण काही पीस सातव्या पिढीचेही आहेत. बाहेरून दोन्ही सारखेच. विंडोज 11 च्या अधिकृत यादीत इंटेलचे प्रोसेसर मुख्यत्वे आठव्या पिढीपासून पुढचे आहेत, आणि विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. सातव्या पिढीचा ए डबल प्लस घेण्यापेक्षा आठव्या पिढीचा ओरखड्यांचा बी केव्हाही बरा. सुरू करताना एफ1 दाबून बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधीची मूळ सेटिंग, उघडा. सुपरवायझर पासवर्ड मागितला तर तिथूनच नमस्कार करा. तो पासवर्ड कोणाला आठवत नसेल तर लेनोव्होच्या हिशेबाने उपाय मदरबोर्ड बदलण्याचाच आहे. बायोसमधला सीरियल नंबर आणि खालच्या स्टिकरवरचा नंबर जुळतो का तेही तिथेच पाहून घ्या. टाइप-सीचे दोन्ही पोर्ट चार्ज घेतात का, हे बघायला मिनिटभर लागतं.

ए ग्रेड कोणी घ्यावा? ज्याला रोज क्लायंटसमोर लॅपटॉप उघडून बसायचंय, किंवा ज्याला तो कोणाला तरी भेट द्यायचाय, त्याने जरूर घ्यावा. बिनस्किनचा, खरोखर जपलेला ए ग्रेड मिळत असेल आणि फरक हजार-बाराशेचा असेल, तर मीही कदाचित तोच उचलेन. असे पीस असतात. एम. जी. रोडवर एका दुकानात मी पाहिलाय, फक्त तो 1366 बाय 768 च्या फिकट पडद्याचा होता, म्हणून सोडला.

म्हणून दुकानात गेल्यावर ग्रेड विचारायच्या आधी एवढंच विचारा, ‘स्किन लावलीय का? एक कोपरा उचलून दाखवता का?’ दुकानदाराने उचलून दाखवला आणि खाली सगळं स्वच्छ असेल, तर पुढे भाव करा. तो का-कू करायला लागला, तर त्याच्याकडचाच न सजवलेला बी ग्रेड मागा. बहुतेकदा तो मागच्या रॅकवर असतो. उरलेल्या पैशात मागची मोठी, 72 वॉट-अवरची बॅटरी मिळते का विचारा, आणि जीएसटीच्या बिलावर लॅपटॉपचा सीरियल नंबर आणि वॉरंटीचे महिने लिहून घ्या.