मुलासाठी घेतलेलं शुगरचं मशीन (ॲक्यु-चेक इन्स्टंट), वापरून झाल्यावर लिहितेय

माझा मुलगा २८ वर्षांचा, नाशिकच्या अंबड एमआयडीसीत कंपनीत शिफ्ट ड्युटी. कंपनीच्या वार्षिक मेडिकलमध्ये उपाशीपोटी शुगर १८८ आली, मग डॉक्टरांनी तीन महिन्यांची शुगर म्हणजे एचबीएवनसी करायला लावली ती ८.४. साडेसहा किंवा त्याच्या वर असली की डायबिटीस धरतात, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती. टाइप २ आहे, सध्या मेटफॉर्मिनची गोळी चालू आहे. घरी मशीन घ्या असं डॉक्टर म्हणाले आणि कोणतं घ्यावं यावर नातेवाईकांनी एवढे सल्ले दिले की शेवटी मीच बसून सगळी माहिती काढली.

आधी एक सांगते, मशीनच्या किमतीवर जाऊ नका. मशीन एकदाच घ्यायचं असतं, खरा खर्च स्ट्रिपचा, म्हणजे दर वेळी नवीन लागणाऱ्या टेस्टच्या पट्टीचा. ५० स्ट्रिपची डबी मला हजाराच्या आसपास पडते. म्हणून आपल्या एरियातल्या मेडिकलमध्ये कोणत्या स्ट्रिप कायम मिळतात ते आधी विचारा. सिडकोत आमच्याकडे या सहज मिळतात, रात्री उशिराही. आणि डबीवरची एक्सपायरी बघूनच पैसे द्या, एका दुकानदाराने मला दोनच महिने उरलेली डबी दिली होती, रोज न तपासणाऱ्याच्या ५० स्ट्रिप तेवढ्यात संपत नाहीत.

मशीन एकदम सोपं आहे. कोडिंग (डबीचा कोड मशीनमध्ये भरणं) वगैरे काही नाही, स्ट्रिप घातली की चालू, रक्ताचा अगदी बारीक थेंब लागतो आणि चार सेकंदांच्या आत आकडा येतो. आकड्याशेजारी रंगीत पट्टी आहे, हिरव्यावर बाण आला की शुगर ठरवलेल्या रेंजमध्ये. टोचायच्या पेनला ११ लेव्हल आहेत, कमीपासून सुरू करा. बोटाच्या मधोमध टोचू नका, कडेला टोचा, दुखणं बरंच कमी होतं. दिसायला सेम असं इन्स्टंट एस पण मिळतं पण त्याला ब्लूटूथ नाही, म्हणून बॉक्सवरचं नाव नीट वाचून घ्या.

ब्लूटूथचा आम्हाला सगळ्यात जास्त उपयोग झाला, कारण आकडे थेट त्याच्या मोबाईलमध्ये जातात. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "आई, मी तपासेन, पण रोज किती आली असं विचारू नकोस." मला ते पटलं. २८ वर्षांच्या मुलाचं शरीर त्याचं आहे, गोळ्या त्याला घ्यायच्यात, पुढची कितीतरी वर्षं हे त्यालाच सांभाळायचंय. म्हणून मशीन डायनिंग टेबलवर नाही, त्याच्या बॅगेत असतं. सांगावंसं वाटलं की तो स्वतः सांगतो, मी ऐकून घेते, ओरडत नाही. माझ्याकडे स्वयंपाक आणि स्ट्रिप संपायच्या आत आणून ठेवणं एवढंच. घरात कोणी "एवढ्या लहान वयात कशी काय, गोड फार खायचास ना" असं सुरू केलं की मी तिथेच थांबवते. आमच्याकडे माझ्या सासऱ्यांना होती, माझ्या भावाला आहे, त्यात बैठी नोकरी, रात्रपाळी, मग एकट्या जिलेबीवर खापर कशाला. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पावडर घेऊन गोळ्या बंद करा म्हणणारेही येतात, त्यांना चहा देते, सल्ला घेत नाही.

त्याने रविवारची मिसळ सोडली नाही. पहिला घास खाल्ल्यापासून दोन तासांनी तपासलं तर दोन-तीन पावांसोबत २३० च्या पुढे आली होती. पुढच्या वेळी मटकी जास्त, फरसाण नाही आणि एकच पाव, तर १७० च्या आत. हे त्याचं त्याने शोधलं, मी शंभर वेळा सांगून झालं नसतं. रात्रपाळी असली की दुपारी झोपून उठल्यावर तपासतो, उपाशी आठ तास झालेले असले की झालं.

आता अॅक्युरसी. लॅबच्या रिपोर्टशी आकडा तंतोतंत जुळत नाही आणि जुळायला हवा असंही नाही. आयएसओच्या (आंतरराष्ट्रीय दर्जा ठरवणारी संस्था) नियमात १०० च्या वर १५ टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे लॅबला २०० असेल तर मशीनवर १७० ते २३० काहीही येऊ शकतं. पण हात धुवून, कोरडे करूनच टोचा. द्राक्षं खाऊन तसंच टोचलं तर बोटाला लागलेल्या रसानेच आकडा खोटा चढतो, आणि सीझनमध्ये नाशिकच्या घरात द्राक्षं नाहीत असं कुठे असतं. डबीचं झाकण लगेच लावा, आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो तेव्हा स्ट्रिप बाईकच्या डिकीत अजिबात ठेवू नका, गरमीने खराब होतात.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर शुगर ७० च्या खाली जाऊ शकते, त्यांनी मशीनसोबत ग्लुकोज पावडरही बॅगेत ठेवा, तशी खाली गेली तर १५ ग्रॅम घ्यायची आणि १५ मिनिटांनी परत तपासायचं.

आणि वापरलेल्या सुया तशाच कचऱ्यात टाकू नका हो, घंटागाडीवाल्या दादांच्या हाताला लागतात. आम्ही जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवतो, भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून वेगळी हातात देतो आणि आत सुया आहेत म्हणून सांगतो.