घरी यामाहा आरएक्स १०० बाईक रंगवताय? स्प्रेमॅक्स २के क्लिअर वापरून बघितला, त्याबद्दल

आधी निकाल सांगतो. घरी बाईक रंगवणार असाल तर प्रायमर, बेस कलर, पॉलिश पेपर सगळं पुण्यात नाना पेठेत परवडेल तसं घ्या, पण वरचा क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) मात्र २केच, म्हणजे दोन भागांचाच घ्या. तिथे काटकसर नको.

कारण एकच, पेट्रोल. पंपावर नोझल बाहेर काढताना टाकीवर दोन थेंब पडणार म्हणजे पडणारच. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा साधा लॅकर १के असतो, म्हणजे त्यातलं थिनर उडून गेलं की तो वाळतो, बास, आणि म्हणूनच पेट्रोल लागलं की परत मऊ पडतो, झाकणाभोवती चिकट होतो, सुरकुत्या येतात, मग खालचा रंग पण सोलायला लागतो. २के मध्ये लॅकरबरोबर हार्डनर असतो, दोन्हीची रिअ‍ॅक्शन होऊन जो थर तयार होतो तो परत विरघळत नाही. गॅरेजवाले स्प्रे गनने मारतात तो हाच प्रकार.

स्प्रेमॅक्स म्हणजे पीटर क्वास्नी या जर्मन कंपनीचा ४०० मिलीचा कॅन. हार्डनर आतच एका वेगळ्या डबीत बंद असतो, झाकणावरचं लाल बटण काढायचं, कॅन उलटा करून बुडाच्या पिनवर बसवायचं आणि जोरात दाबायचं की आतली डबी फुटते. दाबायच्या आधी २ मिनिटं आणि दाबल्यावर परत २ मिनिटं नीट हलवायचं, इथे घाई करू नका. एकदा फोडला की साधारण ४८ तासांत वापरावा लागतो, नंतर आतच कडक होऊन जातो, त्यामुळे टाकी, दोन्ही साईड पॅनल सगळं घासून, रंग मारून तयार असेल तेव्हाच बटणाला हात लावा.

गाडी काकांची, मूळ पीकॉक ब्लू, तोच रंग परत द्यायचा होता. आरएक्स १०० भारतात १९८५ ला आली आणि १९९६ ला बंद झाली, म्हणजे आता जी कुठली मिळेल तिच्या टाकीवर दोन-तीन वेळा तरी रंग चढलेला असतोच. तो सगळा काढायला वेळ लागतो आणि खरं काम तेच आहे. पेट्रोल पूर्ण काढा, टाकी साबणाच्या पाण्याने धुवा, आणि आत वास असेपर्यंत ग्राइंडर जवळ आणू नका, रिकाम्या टाकीतली वाफच जास्त धोक्याची. खड्ड्यात लांबी (पुट्टी) भरा, २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, मग ४००, प्रायमरनंतर ८०० पाणी लावून. साईड पॅनल प्लास्टिकचे आहेत, त्यांना प्लास्टिक प्रायमर वेगळा लागतो, नाहीतर रंग पापुद्र्यासारखा निघतो.

आता क्लिअर मारताना. १५-२० सेंमी अंतर, पहिला हात हलका, थोडा वेळ थांबून दुसरा ओला, म्हणजे भरून. नोझलचा फवारा पट्ट्यासारखा रुंद पडतो, साध्या कॅनसारखा गोल ठिपका नाही, म्हणून टाकीच्या गोलाईवर सुद्धा थर सारखा बसतो, मला सगळ्यात आवडलं ते हेच. टाकीवरच्या पट्ट्यांचे स्टिकर बेस कलरवर लावून क्लिअरच्या खाली घेतले, कडेला नख फिरवलं तरी लागत नाही. स्टिकर असेल तर पहिला हात फारच हलका ठेवा, नाहीतर क्लिअरमधल्या थिनरने स्टिकर आकसू शकतो. बारीक दाणा राहिला तर दुसऱ्या दिवशी १५०० आणि २००० चा पेपर पाण्याबरोबर, वर कंपाऊंडने (घासून चकाकी आणायची पेस्ट) पॉलिश. पेट्रोल मात्र आठवडाभर तरी टाकू नका.

आणि हे प्लीज वगळू नका. २के च्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, ते फुफ्फुसाला वाईट, दमा कायमचा मागे लागू शकतो. रुमाल किंवा कापडी मास्क काही कामाचा नाही, ऑरगॅनिक व्हेपरचे कार्ट्रिज असलेला मास्क, बंद गॉगल, नायट्रिल ग्लोव्ह्ज हे हवंच. गच्चीवर मारा, घरात किंवा पार्किंगमध्ये नको, पोरांना लांब ठेवा, आणि घरात कुणाला दमा असेल तर हा प्रकार घरी करूच नका, पेंटरकडे द्या. खर्च मोजताना मास्कचे पैसे कॅनच्याच खात्यात धरा.

पावसाळ्यात पण नको, हवेतल्या दमटपणाने रंगावर पांढरट झाक येते. पुण्यात दिवाळीनंतर ते फेब्रुवारी बेस्ट, सकाळी ऊन वर आल्यावर.

किंमत साध्या लॅकरच्या कितीतरी पट आहे, मान्य. पण एका कॅनमध्ये टाकी आणि पॅनल होतात आणि पेंटरची मजुरी वाचते. पूर्ण गाडी करायची असेल तर मात्र कॅन परवडत नाहीत, चेसिस पावडर कोटिंगला द्या, फक्त चेसिस नंबर झाकून घ्यायला सांगा, तो बुजला तर पुढे पासिंगला डोकेदुखी.

रंग बदलत असाल तर आरसीवर रंग लिहिलेला असतो, आरटीओत नोंद करून घ्या, इन्शुरन्सवाल्यांना पण कळवा. आणि ऑलिव्ह ग्रीन डोक्यात असेल तर सोडून द्या, केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १२१ प्रमाणे तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना चालतो.