नवे कलावंत शोधायचे तर जहांगीर की कोची?

मुंबईत काळा घोड्याच्या जहांगीर आर्ट गॅलरीत (१९५२) प्रवेश फुकट, प्रदर्शनं साधारण आठवडाभराची, आणि चित्रकार बहुतेक वेळा स्वतः चित्रांपाशी बसलेला. हा रंग असा का, हे सरळ त्यालाच विचारता येतं. मला याचं फार मोल वाटतं. छायाचित्रांसाठी गच्चीवरचं दालन चुकवू नका.

मांडणशिल्पाला (वस्तू जागेत मांडून केलेल्या कलाकृतीला, म्हणजे इन्स्टॉलेशनला) मात्र ऐसपैस जागा लागते. ती केरळात कोचीला साधारण दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कोची-मुझिरिस बिएनाले या कलाप्रदर्शनात मिळते. २०१२च्या पहिल्या खेपेला चित्रकार-शिल्पकार विवान सुंदरम यांनी केरळातल्याच पट्टणम गावच्या उत्खननातले खापराचे तुकडे पसरून नगरासारखी मांडणी केली होती. (ही बिएनाले सुरू करणारे बोस कृष्णम्माचारी आणि रियास कोमू आपल्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचेच विद्यार्थी.)

नवखे असाल तर आधी जहांगीर, तेही वरचेवर. कोचीला जाल तेव्हा निदान तीन दिवस हाताशी ठेवा.