जुना टाइपरायटर: पुसून जपायचा की खरवडून रंगवायचा?

माळ्यावरून टाइपरायटर खाली आला की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, स्वच्छ पुसा, चालू करा, झालं. दुसऱ्याला तो चकचकीत लाल नाहीतर पिस्ता रंगात दिवाणखान्यात मांडायचा असतो. माझं मत पहिल्याच्या बाजूने आहे. पण दुसऱ्याचं बरोबर ठरेल अशीही यंत्रं असतात, म्हणून हात लावण्याआधी समोर काय आहे ते बघा.

आपल्याकडच्या घरांत सापडतात ते बहुतेक रेमिंग्टन, गोदरेज, फॅसिट किंवा हाल्डा. गोदरेजने पहिला टाइपरायटर 1955 साली बाजारात आणला. पुढे कारखाना शिरवळला होता आणि उत्पादन थांबलं 2009 च्या सुमारास. म्हणजे गोदरेज प्राइमा हे काही दुर्मिळ यंत्र नव्हे. कचेऱ्या आणि टायपिंग इन्स्टिट्यूटमधून ते ढिगाने बाहेर पडले. त्याचा साधा करडा रंग गेला तर फारसं काही जात नाही. काळं, झळझळीत, सोनेरी अक्षरांचं जुनं रेमिंग्टन किंवा अंडरवुड असेल तर गोष्ट वेगळी. ती सोनेरी अक्षरं बहुधा ट्रान्सफरने, म्हणजे छापलेल्या पातळ चित्रपट्टीने, चिकटवलेली असतात. थिनर लागला की ती गेली. स्पिरिटनेही जाऊ शकतात. नवी ट्रान्सफर छापून लावता येते, पण ती नवी आहे हे जाणत्याला लगेच कळतं.

पुसण्याच्या कामात चूक झाली तरी ती बहुतेक वेळा सुधारता येते, हा त्याचा मोठा फायदा. बाहेरची झाकणं काढा, प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो घ्या, आतली धूळ मऊ ब्रशने झाडा किंवा हवा मारून घ्या. अक्षरांचे दांडे ज्या अर्धगोल पट्टीच्या फटींत बसतात तिथे जुनं तेल आणि धूळ यांचा चिकटा झालेला असतो. की दाबल्यावर दांडा वरच अडकून राहतो तो यामुळे. जुन्या टूथब्रशवर थोडं व्हाइट स्पिरिट घेऊन फटी घासा, दांडा पुन्हा पुन्हा हलवा. रॉकेलनेही चिकटा सुटतो, पण मागे तेलकट थर राहतो. आणि इथे तेल घालू नका. गंज सोडवायचा स्प्रे तर मुळीच मारू नका. पहिले काही दिवस सगळं लोण्यासारखं चालतं, मग धूळ बसून पहिल्यापेक्षा घट्ट होतं. शिलाई मशीनचं तेल लागतं ते कॅरेज, म्हणजे कागद धरून आडवा सरकणारा वरचा भाग, ज्या रुळांवर सरकते तिथे, तेही थेंबभर. बाहेरच्या रंगाला सौम्य साबणाचं पाणी, कोरडं फडकं, मग गाडीचं बारीक पॉलिश, तेही आधी खालच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून पाहायचं. पिवळट मळ निघाल्यावर खालचा रंग इतका चांगला निघतो की रंगवायचा हट्ट बऱ्याचदा तिथेच मावळतो.

रंगवायचंच ठरवलंत तर खर्च डब्यांपेक्षा तयारीत जातो. झाकणं सुटी करायची, रबर आणि नमद्याचे तुकडे काढायचे, जुना रंग उतरवायचा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून पॉलिश पेपर नेहमी पाण्यात भिजवून मारा, तोंडाला मास्क ठेवा, मुलांना लांब ठेवा. मग प्राइमर, मग पातळ पातळ हात. जून ते सप्टेंबरात हे काम काढू नका. दमट हवेत लॅकरवर पांढुरकी झाक येते. मूळ यंत्राला सुरकुतलेला, खरखरीत रंग असेल तर तो घरी सगळीकडे सारखा येणं महाकठीण. पावडर कोटिंग टिकाऊ खरं, पण भट्टी दोनशे अंशांच्या आसपास तापते आणि थर जाड बसतो. स्क्रूची भोकं बुजतात, झाकणं आपल्या जागी बसत नाहीत. गॅरेजवाल्याकडून रंग मारून घेणार असाल तर त्याच्या हाती फक्त सुटी झाकणं द्या. पूर्ण यंत्र दिलंत तर तो कागद चिकटवून फवारा मारेल आणि रंगाचा धुरळा थेट आतल्या दातेरी चाकांत जाईल.

तरीही मी रंगवायला सांगेन अशा तीन वेळा: रंगाखाली गंजाचे फोड आलेत, आधी कुणीतरी ब्रशने ऑइलपेंट फासलाय, किंवा साधं कचेरीतलं यंत्र आहे आणि तुम्हाला ते आवडत्या रंगातच हवंय. तिसरं कारणही पुरेसं आहे.

एक गोष्ट मात्र दोन्ही पक्ष विसरतात: कागद ज्याच्यावर गुंडाळला जातो तो रबरी रोलर. नख दाबून पाहा. काचेसारखा कडक लागला तर कितीही रंगवा, टाइप करताना खडखडाट होणार आणि पूर्णविराम कागदाला भोक पाडणार. तात्पुरता उपाय म्हणजे मागे आणखी एक कागद घालणं. छपाईच्या रोलरवर रबर चढवणाऱ्यांकडून नवं रबर बसवून घेतलं तर कायमचं काम होतं. रंगाचे पैसे वाचवून मी इथे घालेन. रिबीन अर्धा इंच रुंदीची लागते. जुनी धातूची रिळं टाकू नका, नवी रिबीन त्यांच्यावरच गुंडाळा.

यंत्र मराठी असेल तर उकार आणि अनुस्वाराच्या की दाबून पाहा. अक्षर उमटलं पाहिजे, पण कॅरेज पुढे सरकता कामा नये. सरकत असेल तर हे मेकॅनिकचं काम. अक्षरं ओळीत वरखाली उमटत असतील किंवा दांड्याच्या टोकाचा एखादा टाइप (अक्षराचा ठसा) निखळला असेल तरीही. कॅरेज ओढणारा पट्टा तुटलाय तर हुशार हाताला घरी जमतं, पण तो ज्या डबीला जोडलेला असतो तिच्यातली स्प्रिंग गुंडाळलेली असते. ती सुटली तर बोटं सोलवटतात. मेकॅनिक सापडत नसेल तर कोर्टाच्या आवारात अजून यंत्र घेऊन बसलेल्या टायपिस्टना विचारा. मेकॅनिककडे जाण्याआधी मात्र रंगकाम उरकू नका. तो झाकणं काढणार, स्क्रूड्रायव्हर घसरणार, आणि नव्या रंगावरचा पहिला ओरखडा तिथेच पडणार.